मोळीवालीचं नाव

वाचनालयाच्या ग्रुपवर फोटो पडला तेव्हा शिवकन्या कारखान्याच्या बसमध्ये होती. फोटो एका पुस्तकाच्या पानाचा. पानाच्या कडेला, छापील ओळींच्या बाहेर, पेन्सिलीनं नीट लिहिलेलं एक नाव: सुभद्राबाई. आणि खाली वाचनालयाचे अध्यक्ष तानाजीराव सर यांचा मजकूर: 'आपल्या वाचनालयातील सर्वश्रेष्ठ कादंबरीच्या तिन्ही खंडांत कुणीतरी अशी सव्वीस नावे लिहून ठेवली आहेत. हा अडाणीपणा कुणाचा?'

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ते खंड वर्षाकाठी चार माणसं घरी नेतात आणि त्यातली दोन न उघडताच परत आणतात. ग्रुपवर जो तो 'छे छे', 'फार वाईट' असं लिहून हात झटकून मोकळा होत होता. शिवकन्यानं चष्मा लावला, मैलूरचा थांबा यायच्या आत उत्तर टाकलं: 'माझा. शिवकन्या माणिकराव, मैलूर.' मग पिशवी उचलली आणि उतरली.

घरी नागेशनं, तिच्या नवऱ्यानं, ते आधीच वाचलं होतं. तो विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. तारेला हात लावायच्या आधी चारदा विचार करणारा माणूस.

"कामून कबूल झालीस ग? कुनाला कळनार होतं?"

"इचारलं, म्हणून सांगितलं."

"चोर कोन म्हणून इचारल्यावर चोर हात वर करतंय का?"

"म्या चोरी केली न्हाई. नेलं त्यापेक्षा जास्त घालून परत दिलंय."

नागेशनं कपाळावर हात मारला आणि चहा टाकायला आत गेला. सतरा वर्षांच्या संसारात एवढं त्याला कळलं होतं की, बायकोचा आवाज असा हळू झाला की वाद घालण्यात अर्थ नसतो.

दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला. रविवारी अकरा वाजता समिती बसेल. शिवकन्याबाईंनी यावं, सव्वीसच्या सव्वीस नावं स्वतःच्या हातानं खोडावीत आणि माफीपत्रावर सही करावी. नाहीतर सभासदत्व रद्द. आता हे वाचून कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? ज्याच्या गावात चार मराठी वाचनालयं आहेत त्यानं खुशाल म्हणावं. बीदरात भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावरचं ते एकच ठिकाण शिवकन्याला माहीत होतं, जिथं कपाटं उघडली की मराठी पुस्तकांचा वास यायचा. चौदा वर्षं ती दर रविवारी तिथला जिना चढत होती. तिथलं सभासदाचं कार्ड गेलं असतं तर जाता-येताचे बसमधले दीड तास तिनं नुसते खिडकीबाहेर बघत काढायचे होते. नुसतं बघत बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

शिवकन्या बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात कामाला होती. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या येत राहायच्या आणि तिनं लेबलं बघायची. बिनलेबलाची बाटली दिसली की उचलून बाजूला ठेवायची. आत अमृत असो की विष, लेबल नाही तर ती पुढे जात नसे. जन्मगाव आळंद तालुक्यातलं निंबर्गा. शाळा कानडी, घर मराठी, बाजार दखनी. नागरी अक्षरं ती शाळेतल्या हिंदीच्या तासाला शिकली आणि त्याच अक्षरांत घरची भाषाही लिहितात हे कळल्यावर तिला घबाड सापडल्यासारखं झालं.

वाचायची ती रहस्यकथा. पिवळ्या कागदाच्या, शिलाई सुटलेल्या, मुखपृष्ठावर पिस्तूल नाहीतर किंकाळी असलेल्या. सगळ्यात लाडकी होती ती पोस्टमास्तरनं खून केल्याची. खुनी कोण हे ठाऊक असून ती तिनं सात वेळा वाचली होती आणि पोस्टमास्तर दर वेळी तितकाच साळसूद वाटायचा. दुसरी आवडती म्हणजे धर्मशाळेची. सातव्या खोलीत कुणी उतरलेलं नसतं, तरी तिथली बादली रोज सकाळी ओली सापडते. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की ती पट्ट्यावरच्या बायांना गोष्ट सांगायची आणि शेवटाच्या जरा अलीकडे थांबून विचारायची, "आता सांगा, कोन?" मग डबा संपेपर्यंत भांडणं.

तर एका रविवारी तानाजीराव सर वाचनालयात उभे होते. सर निवृत्त प्राध्यापक, उदगीरला जन्मभर मराठी शिकवलेलं, आवाज खणखणीत. शिवकन्यानं दोन रहस्यकथा टेबलावर ठेवल्या तशी सरांनी त्यातली एक दोन बोटांत धरून उचलली.

"बाई, जन्मभर हेच वाचणार का? चिवड्यावर माणूस जगतो होय? कधीतरी अभिजात काही वाचून बघा." आणि मग, पुस्तक खाली ठेवता ठेवता, "अर्थात, झेपायला पाहिजे."

बाकीचं सगळं शिवकन्यानं सोडून दिलं असतं. सर मोठे, शिकलेले. चार शब्द बोलायचेच. पण 'झेपायला पाहिजे' हे तिच्या फार जिव्हारी लागलं. तिनं रहस्यकथा बाजूला सारल्या आणि ग्रंथपाल जगदेवीला म्हणाली, "ती तीन खंडांची काढ."

"अक्का, खंड एका टायमाला एकच मिळतंय की," जगदेवी घाबरून म्हणाली.

"मग पयला दे."

त्या कादंबरीला वाचनालयात सगळे 'थोरली' म्हणत. नदीकाठच्या गावातल्या एका वकिलाच्या घराची तीन पिढ्यांची गोष्ट. पहिली तीस पानं नुसती नदी. शिवकन्याला बसमध्ये दोनदा झोप लागली, एकदा तर ती मैलूर सोडून पुढं गेली आणि मागं चालत आली. वाक्य असं लांब की सुरुवातीचा माणूस शेवटाला पोचेपर्यंत विसरायचा. पण दर वेळी डोळा मिटायला लागला की कानात ते 'झेपायला पाहिजे' वाजायचं आणि ती खडबडून ताठ बसायची. रागानं माणूस काय काय करतो! शिवकन्यानं रागानं नदी पार केली.

आणि मग पुस्तक लागलं. वकिलाची थोरली बायको माजघरात लपूनछपून राखेवर बोटानं सही गिरवते, ते वाचताना शिवकन्या भर बसमध्ये रडली. शेजारच्या बाईनं सांत्वन म्हणून तिला पेरू दिला. लिहिणारा मोठा होता, हे तिला तेव्हाही मान्य होतं आणि आजही आहे. हे सांगून ठेवायला हवं, कारण पुढं तिच्यावर आळ आला तो नेमका उलटा.

मग आलं पान एक्केचाळीस. वकिलाच्या परड्यात विहीर खणतात. तिथं एक वाक्य होतं: 'खोदकामात एक गडी दगावला, पण पाणी गोड लागलं.' स्वल्पविराम देऊन लेखक पुढं गेला. शिवकन्या गेली नाही. तिनं पुस्तक मिटलं आणि पेन्सिल शोधली.

त्याचं कारण निंबर्ग्यात होतं.

तिचे वडील माणिकराव दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायचे. अक्षराशी ओळख नाही, पण ऐकायची भूक दांडगी. किराणा बांधून यायचा तो सोलापूरच्या मराठी पेपरात. साखरेची पुडी सुटली की ते कागद मांडीवर सरळ करायचे आणि लेकीपुढं धरायचे. "वाच माय." मग लग्नाची जाहिरात असो की बाजारभाव, शिवकन्या वाचायची आणि बा डोळे मिटून ऐकायचा. एकदा बातमी निघाली: विहिरीचं काम चालू असताना दरड कोसळून एक मजूर ठार. ठेकेदाराचं नाव होतं, फौजदाराचं होतं, पाहणीला आलेल्या पुढाऱ्याचं तर दोनदा होतं.

"मेलेल्याचं नाव काय माय?"

"दिलं न्हाई बा."

"पुन्ना बघ."

तिनं पुन्हा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. नव्हतं. तेव्हा माणिकरावांनी पत्र्याच्या पेटीतून एक जुना तुकडा काढला, घडीवर फाटलेला. त्यांचा थोरला भाऊ दशरथ असाच विहिरीत गेला होता, शिवकन्या जन्मायच्या आधी. पेपरात आलं होतं. विहिरीच्या मालकाचं नाव होतं, गावाचं होतं. दशरथ होता तो 'एक मजूर'. स्वतःला वाचता येत नसताना माणिकरावांनी तो कागद इतकी वर्षं जपला होता आणि गावात जो कुणी नवा शिकलेला येईल त्याच्याकडून वाचून घ्यायचे. एखाद्याला तरी त्यात नाव सापडेल, ही आशा. लेकीलाही सापडलं नाही तेव्हा त्यांनी ती सोडली.

"तूच लिव मग," ते म्हणाले. "दशरथ. कडंला लिव."

दहा वर्षांच्या पोरीनं कोपऱ्यात लिहिलं. माणिकरावांनी त्या अक्षरावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. तिथून घरात रीतच पडली. कागदात बिननावाचा माणूस आला की थांबायचं आणि नाव ठेवायचं. पण बाची एक अट होती: "उगं हवेतलं नाव ठेवायचं न्हाई. वळखीच्याचं ठेवायचं. तेच काम केलेल्याचं." गाडीखाली सापडलेल्या हमालाला आळंदच्या अड्ड्यावरच्या हमालाचं नाव. उपाशी मेलेल्या म्हातारीला गल्लीतल्या म्हातारीचं. शेजारी हसायचे. पण त्या घरात बिननावाचं कुणी मरायचं नाही, हे खरं.

म्हणून पान एक्केचाळीसच्या कडेला शिवकन्यानं लिहिलं, दशरथ. एकदा पेन्सिल हातात आल्यावर मग ती खाली राहीना.

सगळ्यात जास्त छळलं ते मोळीवालीनं. 'एक मोळीवाली दारात उभी होती.' पहिल्यांदा आली तेव्हा शिवकन्यानं दुर्लक्ष केलं. पण ती पुन्हा आली. वकिलाच्या मुलीचं लग्न मोडलं त्या दिवशी आली. दागिने हरवले त्याही सकाळी आली. आता रहस्यकथा वाचून मुरलेल्या बाईला हे कसं चुकेल? गोष्टीत एखादी बाई नेमकी घटनेच्या वेळी पाच-पाच वेळा दारात येते, ती उगाच येत नसते. एक तर तिनं काहीतरी केलंय, नाहीतर काहीतरी पाहिलंय. जेवणाच्या सुट्टीत शिवकन्यानं बायांना सांगून टाकलं, "मोळीवालीवर ध्यान ठेवा. शेवटाला तीच सगळं उलगडती बघा." अख्खा पट्टा मोळीवालीच्या भरवशावर बसला.

दुसऱ्या खंडात नदीला पूर आला. भल्या पहाटे पाणी चढताना मोळीवालीनं पाहिलं आणि गल्लीभर बोंब ठोकत धावली. तिच्या ओरडण्यानं वकिलाचं घर जागं झालं आणि टेकडीवर पोचलं. ट्रंका पोचल्या, चांदीची भांडी पोचली, पिंजऱ्यातला राघूसुद्धा पोचला. मोळीवालीचं काय झालं? शिवकन्यानं पान उलटलं. पुढचंही उलटलं. मग तिसरा खंड आणून अख्खा वाचला, फक्त त्या बाईसाठी. साडेतीनशे पानांत वकिलाचे नातू विलायतेला जाऊन आले, पण जिनं अख्खं घराणं जगवलं ती जगली की मेली, हे लेखकानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो तिला विसरला होता.

"म्हंजे ती कुनीच न्हवती?" बायांनी विचारलं. डबे तसेच राहिले. शिवकन्याला भयंकर संताप आला.

ती घरी आली, तिन्ही खंड पाळीपाळीनं पुन्हा घरी आणले आणि पहिल्यापासून बसली. सुभद्राबाई तिची आई. निंबर्ग्याहून आळंदच्या बाजाराला डोक्यावर मोळी घेऊन जायची. मानेचं हाड शेवटपर्यंत दुखायचं. शिवकन्यानं पाचही ठिकाणी सुभद्राबाई लिहिलं. सहाव्या, पुराच्या पानावर तर कडेला जागा होती तेवढी सगळी भरली: 'सुभद्राबाई. पुरातून निघाली. पुढं तिला लेक झाली.'

रविवारी ती इस्त्रीची निळी साडी नेसून गेली. टेबलावर तिन्ही खंड मांडलेले. शेजारी कागदात गुंडाळलेला नवाकोरा खोडरबर आणि टाइप केलेलं माफीपत्र. समितीत सर होते आणि काशाप्पा. काशाप्पा निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर उभ्यानं नोकरी केल्यामुळे की काय, खुर्ची मिळाली की त्यांचा डोळा लागायचा. आताही लागला होता. जगदेवी इतिवृत्ताची वही घेऊन कोपऱ्यात.

"बाई," सरांनी सुरुवात केली, "हे खंड मी उदगीरहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेत. ही कव्हरं माझ्या हातची आहेत." आवाज खणखणीत नव्हता. दुखावलेला होता.

"कव्हरं लई चांगली घातलाव सर," शिवकन्या मनापासून म्हणाली. "आन् ह्याच्यात लिवणं ही माझी चूक. सगळ्यांचं पुस्तक हाय. हितून पुढं चिठ्ठीवर लिवीन. तसं लिहून द्या, आत्ता सही करते. पण लिवलेली नावं पुसनार न्हाई."

"का नाही?"

"माणसाचं नाव एकदा लिवल्यावर पुसायचं नसतंय."

"ती माणसं नाहीत हो! पात्रं आहेत. दुय्यम पात्रं. लेखकाला मोळीवाली हवी होती, तिचं नाव नको होतं. त्या काळचा समाज कसा होता, तेच त्यातून दिसतं."

"समाज दिसतंय की सर. बाई दिसंना."

सरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला पुस्तक कळलंच नाही. म्हणून म्हणालो होतो, झेपायला पाहिजे."

इथवर शिवकन्या हळू बोलत होती. आता तिचा आवाज चढला. "झेपलंय मला! दोनदा झेपलंय. थोरल्या बायकूनं राखंत सही गिरवली तवा म्या रडले, तुमी रडलाव का? पण एक सांगा. माझ्या त्या पिवळ्या पुस्तकांला तुमी चिवडा म्हणलाव. त्यात दूधवाल्यालाबी नाव असतंय, धोब्यालाबी असतंय. कामून? खून त्यानंबी केलेला असू शकतंय. तिथं आमच्यावर संशय तरी घेतेत सर. हितं आमची तेवढीबी किंमत न्हाई."

काशाप्पांचे डोळे उघडले.

तिनं खोडरबराचा कागद सोडला आणि तो टेबलावर मधोमध ठेवला. "ज्याला पुसायचंय त्यानं पुसावं. पण आधी नाव मोठ्यानं वाचावं आन् मग पुसावं. मुक्यानं न्हाई."

सर काही भेकड नव्हते. त्यांनी पहिला खंड ओढला, पान एक्केचाळीस काढलं, मोठ्यानं वाचलं, "दशरथ," आणि खसाखसा खोडलं. कागदावरचा चुरा फुंकून टाकला.

शिवकन्याला पत्र्याची पेटी आठवली, अक्षरावरचा तो अंगठा आठवला. तिनं पुस्तक आपल्याकडं फिरवलं, पिशवीतून पेन्सिल काढली आणि त्याच जागी, सरांच्या डोळ्यांसमोर, पुन्हा लिहिलं: दशरथ. अक्षर आधीपेक्षा मोठं आलं.

"दुसरं घ्या," ती म्हणाली. "तुमी सव्वीस पुसा, म्या सव्वीस लिवते. मला आज सुट्टी हाय."

सरांनी पुस्तक मिटलं. चेहरा लाल झाला होता. "जगदेवी, लिहा. एका सभासद महिलेने वाचनालयाच्या ग्रंथाची विटंबना केल्यामुळे व माफी मागण्यास नकार दिल्यामुळे तिचे सभासदत्व आजपासून रद्द करण्यात येत आहे."

जगदेवीनं लिहायला घेतलं आणि थांबली. तिला काही टोमणा मारायचा नव्हता, बिचारी भित्री. पण वहीत नावाचा रकाना होता आणि तिला नोकरी करायची होती. तिनं विचारलं, "सर, नाव लिवू का तसंच ठेवू?"

खाली दुकानात भांडी वाजत होती.

"लिहा," सर शेवटी म्हणाले. "शिवकन्या..."

"माणिकराव," शिवकन्यानं पुरं केलं. "राहनार मैलूर. गाव निंबर्गा." तिनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. चौदा वर्षांत त्याचे कोपरे गोल झाले होते. हात सुटताना तिला वाईट वाटलं, फार वाटलं, पण उचलावंसं वाटलं नाही.

ती उठली तेव्हा काशाप्पा मघापासून दुसरा खंड चाळत होते. "मी बी एक इचारावं म्हनतो," ते म्हणाले. "हे मेंढरामागचं मानूस हाय बघा. वकिलाच्या लेकाला खांद्यावर घेऊन वढा वलांडतंय. त्याच्या कुत्र्याला मोती म्हनलंय. त्याला कायबी म्हनलं न्हाई. आन् तुमीबी मोकळंच सोडलाव. कामून?"

"माझ्या वळखीत मेंढरामागं हिंडलेलं कुनी न्हाई अण्णा. वळखीचं नसलं तं म्या ठेवत न्हाई. माझ्या बाची रीत हाय."

काशाप्पांनी मान हलवली आणि पुन्हा पुस्तकात तोंड घातलं. शिवकन्यानं सरांना नमस्कार केला. सरांनीही, सवयीनं, हात जोडले. ती जिना उतरली.

भांड्यांच्या दुकानासमोर उन्हात ती उभी राहिली. पिशवी हलकी लागत होती. चौदा वर्षांत ती त्या जिन्यावरून रिकाम्या पिशवीनं कधी उतरली नव्हती. आता रडू येईल असं तिला वाटलं, पण आला तो रागच, आणि त्याचं तिला बरं वाटलं. वर टेबलावर खोडरबर तसाच पडलेला होता, सर होते, सगळा दिवस मोकळा होता. नावं मात्र आता ज्याला पुसायची त्याला मोठ्यानं वाचावी लागणार होती.

मागं जिन्यावर चपला वाजल्या. काशाप्पा एकेक पायरी धरून उतरत होते, काखेत दुसरा खंड.

"माझ्या कार्डावर घेतलो," ते धापा टाकत म्हणाले. "बावीस वरसं समितीत हाय, पयल्यांदा पुस्तक घेतलो. जगदेवीला शिक्का सापडना झालता. पेन्सिल द्या."

"सर?"

"सर वर बसलेत. रबर हातात हाय. पुसना झालेत." त्यांनी दुकानाच्या कट्ट्यावर पुस्तक उघडलं, ओढ्याचं पान काढलं. "माझा बाप मेंढरामागंच मेला. हुमनाबादपास्नं आळंदपातूर सगळी रानं त्याच्या पायाखालची. सायबाची पोरं, पाटलाची पोरं, किती जनांला खांद्यावर वढ्याच्या पार घातला असंल. कुनी नाव इचारलं न्हाई. कुत्र्याचं मात्र सगळी इचारायची."

शिवकन्यानं पेन्सिल दिली. काशाप्पांची शाळा चौथीपर्यंतची, आणि तीही कानडी. कंडक्टर असताना पाट्या वाचून वाचून नागरी अक्षरं डोळ्यांना सरावली होती, हाताला नव्हती. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ घेतलं, श्वास रोखला आणि मराठी पानाच्या कडेला गोल गोल कानडी अक्षरांत एकेक वळण जपून काढलं. मग पुस्तक तिच्यापुढं धरलं.

"वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं."

रस्त्यावर माणसं होती, रिक्षा होत्या, दुकानदार गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता. शिवकन्यानं चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:

"बीरप्पा."